लोअर केलेली गाडी टायर आतून खातेय? आधी टो बघा, कॅम्बर नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कमी उंचीच्या स्प्रिंग टाकून गाडी चारही बाजूंनी साधारण 40 मिलिमीटर खाली घेतली आणि 8,000 किलोमीटरमध्ये मागच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडेला तार दिसू लागली. बाहेरच्या बाजूला त्याच टायरांवर अजून 5 मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे. पुढचे टायरही आतून जास्त झिजलेत, पण इतके नाहीत. अलाइनमेंटवाला म्हणतो की कॅम्बर जास्त आहे, चारही चाकांना कॅम्बर किट (चाकाचा आतबाहेर कल बदलता येणारे सुटे भाग) टाका, नाहीतर नवे टायरही असेच जातील. तुम्ही अलाइनमेंटच्या कागदावरचे आकडे दिलेत हे फार बरं केलं, कारण उत्तर त्या कागदावरच आहे.

आधी एक तातडीचं. तार दिसत असलेले मागचे दोन्ही टायर आजच काढा. खालची सगळी चर्चा नव्या टायरांसाठी आहे, ते टायर वाचवायचा विचार मनातूनही काढून टाका. आतल्या कडेची तार उघडी पडली की टायर वेगात फुटू शकतो, आणि मागचा टायर फुटल्यावर गाडी सावरणं पुढच्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

आता आकडे. मागे कॅम्बर उणे 2 अंश 10 मिनिटं (60 मिनिटं म्हणजे 1 अंश), टो डावीकडे उणे 12 मिनिटं आणि उजवीकडे उणे 9 मिनिटं. पुढे कॅम्बर उणे 1 अंश 20 मिनिटं, एकूण टो आधी उणे 22 मिनिटं, नंतर उणे 4. मागच्या चाकांचे 'आधी' आणि 'नंतर'चे रकाने तंतोतंत सारखे आहेत. याचा अर्थ मागच्या चाकांना पाना लागलेलाच नाही. फक्त पुढचा टो जुळवून गाडी खाली उतरवली आहे. ही फार सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि लोअर केलेल्या गाडीत तीच सगळ्यात महागात पडते.

कॅम्बर म्हणजे चाकाचा आतबाहेर कल (उणे म्हणजे माथा आत कललेला) आणि टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड कुठे आहे ते. टायर कुठे झिजणार हे कॅम्बर ठरवतो आणि किती लवकर झिजणार हे मुख्यतः टो ठरवतो. हे नीट कळलं की निम्मं काम झालं. टोमधला उणे म्हणजे टो-आउट, चाकाची पुढची कड बाहेर वळलेली. तुमचं डावं मागचं चाक 12 मिनिटं, म्हणजे 0.2 अंश बाहेर बघतंय. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत मोजलं तर हा फरक जेमतेम दीड मिलिमीटर भरतो, डोळ्यांना दिसतही नाही. पण हिशोब करा. चाक 0.2 अंश वाकडं असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे टायर साडेतीन मीटर आडवा घासत जातो. 8,000 किलोमीटरमध्ये ते 28 किलोमीटर झालं. उणे दोन अंश कॅम्बरमुळे चाक आतल्या कडेवर जास्त दाबलेलं आहेच, त्यामुळे हे सगळं घासणं त्या दोन बोटांच्या पट्टीवर उतरलं. टो शून्याच्या आसपास किंवा किंचित आत असता तर याच कॅम्बरवर टायर कितीतरी जास्त चालले असते. आतली कड तरीही थोडी आधी गेली असती, पण तार दिसेपर्यंत नाही.

कागदावर विश्वास नसेल तर हाताने तपासा. अजून नक्षी शिल्लक आहे तिथे तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. टो-आउट असेल तर आतून बाहेर जाताना हात सुळकन जातो आणि बाहेरून आत येताना नक्षीच्या कडा बोचतात. टो-इन जास्त असेल तर उलट. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत लागलं आणि टायर नुसताच आत उतरता झिजलेला दिसला, तर दोष खरोखर कॅम्बरचा. तार दिसणाऱ्या कडेवरून मात्र हात फिरवू नका, बारीक पोलादी तारा बोटात घुसतात. आतली कड दिसायला पुढचं चाक पूर्ण वळवून बघता येतं. मागच्यासाठी मोबाइलचा कॅमेरा चाकामागे धरून फोटो काढा. गाडी उचलून खाली डोकवायचं असेल तर जॅकच्या भरवशावर कधीही नको, स्टँड लावल्याशिवाय हातही आत घालायचा नाही.

झिजेचे दुसरे प्रकारही ओळखता यायला हवेत, कारण लोअर केलेल्या गाडीत कधीकधी दोन दोष एकत्र असतात. दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी. फक्त मध्य गेला तर हवा जास्त. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉक संपलेत, किंवा गाडी इतकी खाली आहे की शॉक सतत रबरी बंपस्टॉपवर बसतोय आणि चाक रस्त्यावर उड्या मारतंय. असे खळगे अलाइनमेंटने जात नाहीत. कमी उंचीच्या स्प्रिंगसोबत जुने मूळ शॉक ठेवले असतील तर हे आज ना उद्या होतंच, कारण शॉकचा दांडा आता कायम खालच्या भागात चालतो आणि दाबायला जागाच उरत नाही. तुम्ही स्प्रिंग तयार घेतल्यात, कापलेल्या नाहीत, हे चांगलं झालं. कापलेली स्प्रिंग गाडी उचलल्यावर किंवा मोठ्या खड्ड्यात चाक लोंबल्यावर आपल्या बैठकीतून निसटू शकते, आणि असल्या गाडीची मी अलाइनमेंट करतच नाही.

गाडी खाली घेतल्यावर हे कोन बदलतात कशामुळे? चाक शरीराच्या मानाने वर सरकतं आणि त्याला धरणारे आर्म आपापल्या वर्तुळात फिरतात. तुमच्या मागच्या मल्टिलिंकमध्ये (प्रत्येक चाक अनेक आर्मनी धरलेलं सस्पेन्शन) वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो, म्हणून चाक वर जाताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि उणे कॅम्बर वाढत जातो. ही मांडणी मुद्दाम केलेली असते, वळणावर शरीर झुकलं तरी टायर सपाट बसावा म्हणून. तुम्ही मात्र तो झुकलेला बिंदूच गाडीची कायमची उभी अवस्था करून टाकलात. टो कुठल्या दिशेला सरकेल हे टो-आर्मची (चाकाचा टो धरून ठेवणारा आर्म) लांबी आणि त्याची टोकं कुठे बांधली आहेत यावर ठरतं, म्हणून एका गाडीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही. मोजावंच लागतं.

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब, खाली एकच आर्म) वेगळा वागतो. खालचा आर्म बाहेरच्या टोकाला खाली झुकलेला असतो तोवर चाक वर गेलं की आर्मचं टोक बाहेर सरकतं आणि उणे कॅम्बर वाढतो. आर्म साधारण आडवा झाला की ही वाढ थांबते, आणि आणखी वर गेला की उलट कमी व्हायला लागते. म्हणून तुमच्याकडे पुढे फक्त उणे 1 अंश 20 आहे. त्यामुळे पुढे कॅम्बर किट टाकून हा आकडा शून्याकडे आणला तर तुमचं नुकसानच होईल. लोअर केलेल्या स्ट्रटच्या गाडीत वळणावर बाहेरच्या चाकाचा कॅम्बर पुरेसा सांभाळला जात नाही. स्थिर कॅम्बरही काढून घेतलात तर टायरचा बाहेरचा खांदा घासायला लागेल आणि वळणावरची पकड जाईल. पुढचे टायर आतून गेले ते उणे 22 मिनिटांच्या टोमुळे. तो आता उणे 4 वर आहे, म्हणजे पुढचा मोठा दोष जवळजवळ मिटलेला आहे. पुढच्या किटचे पैसे ठेवून द्या, मागच्या चाकांच्या कामाला लागतील.

आता काम कोणत्या क्रमाने करायचं ते सांगतो. हा क्रम मोडला की पैसे दोनदा जातात.

पहिल्यांदा उंची. जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा. टायरची झीज आणि हवा यांचा या मापावर परिणाम होत नाही. एकाच एक्सलवर डावी-उजवीत 10 मिलिमीटरच्या वर फरक असेल तर स्प्रिंग बैठकीत नीट बसलेली नाही, किंवा रबरी पॅड हललाय. तो फरक काढल्याशिवाय अलाइनमेंटला अर्थ नाही. नव्या स्प्रिंग काहीशे किलोमीटरमध्ये अजून थोड्या बसतात, तुमच्या तर कधीच बसल्या असतील.

मग बुश. याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि मला याचीच सर्वाधिक तळमळ आहे. आर्मचे बहुतेक बुश म्हणजे दोन धातूच्या नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते, बाहेरची आर्मबरोबर फिरते, आणि मधलं रबर पिळलं जातं. कारखान्यात हे बोल्ट गाडी तिच्या मूळ उंचीवर असताना कसलेले असतात. तुम्ही गाडी 40 मिलिमीटर खाली घेतलीत, म्हणजे सगळे बुश आता कायमचे पिळलेले आहेत. गाडी खड्ड्यात गेली की आणखी पिळतात आणि काही महिन्यांत फाटतात. फाटलेला बुश ब्रेक मारताना चाक मागे सरकू देतो आणि टो चालत्या गाडीत बदलत राहतो. अलाइनमेंटच्या रॅकवर उभ्या गाडीत आकडा बरोबर दिसतो, रस्त्यावर चाक वेगळंच वागतं. स्प्रिंग बदलताना गाडी लिफ्टवर लटकवून, चाकं लोंबत असतानाच आर्मचे बोल्ट सोडून परत कसले असतील तर पीळ आणखी जास्त. म्हणून आधी प्रत्येक बुश टॉर्च लावून बघा. रबराला चीर, नळीपासून सुटलेली कड, तेलकट गळती, काहीही दिसलं तर बुश बदला. जे चांगले आहेत त्यांचे आतले बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर तिच्या आताच्या उंचीवर उभी करा (चाकं चढवून ठेवायचे रॅम्प असतात ते वापरा), एकदोनदा दाबून सोडा आणि त्याच अवस्थेत बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर कसा. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे घ्या. या एका कामानेच कधीकधी उंची दोनचार मिलिमीटर बदलते, म्हणून ते अलाइनमेंटच्या आधी.

त्याच वेळी चाक उचलून ढिलेपणा तपासा. वरखाली धरून हलवा, मग डावी-उजवी धरून. वरखाली खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवी आली तर टाय रॉडचं टोक.

आता मागची अलाइनमेंट. मागच्या टोला तुमच्या गाडीत एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्मचं टोक आतबाहेर सरकवणारा बोल्ट) असण्याची शक्यता बरीच आहे, बऱ्याच मल्टिलिंकमध्ये टो-आर्मच्या आतल्या टोकाला तो असतो. बोल्टच्या डोक्याखाली खुणा कोरलेलं वॉशर दिसलं तर तोच. वर्षानुवर्षं न हललेला असला की तो नळीत गंजून अडकतो, आणि इथेच बरेच अलाइनमेंटवाले 'मागचं ॲडजस्टमेंट नाही' म्हणून मोकळे होतात. गंज सोडणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. तरीही सुटला नाही तर कापून नवा टाकावा लागतो, ते काम टाळू नका. खरोखरच सोय नसेल तर लांबी कमी-जास्त करता येणारे टो-आर्म घ्या. पैसे पहिल्यांदा कुठे घालायचे असतील तर तिथे.

मागचा एकूण टो किती ठेवायचा? गाडीच्या पुस्तकातला आकडा पहिला. तो नसेल तर रस्त्यावरच्या लोअर गाडीला मी मागे एकूण 10 ते 15 मिनिटं आत ठेवतो, दोन्ही चाकांत समसमान. मागे टो-आउट मी कधीच सोडत नाही. टायरचं सोडा, मागची चाकं बाहेर बघत असली की ओल्या रस्त्यावर लेन बदलताना गाडीची शेपटी सैल वाटते, आणि अचानक ब्रेक मारला तर ती खरंच सुटते. तुमच्या गाडीत हे आत्ता आहे, नव्या टायरांवरही राहील, म्हणून अलाइनमेंट होईपर्यंत पावसात वेग आवरून चालवा.

टो आत आल्यावरही मागचा उणे 2 अंश 10 कॅम्बर उरेलच. तो उणे दीडच्या आसपास आणायला हवा. अनेक गाड्यांत त्यासाठी मागचा वरचा आर्म लांबी बदलता येणारा मिळतो. किटची खरी गरज असेल तर ती इथे, दोन मागच्या आर्मपुरती. कॅम्बर हलवला की टोही हलतो, म्हणून आधी कॅम्बर, मग टो, आणि मागचं पूर्ण झाल्यावरच पुढचं. मागच्या दोन चाकांमुळे गाडीची खरी चालण्याची दिशा ठरते. पुढचं आधी जुळवून मागे हात लावलात तर स्टेअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहील. पुढे एकूण टो शून्य ते 6 मिनिटं आत पुरे. कॅम्बरचा डावी-उजवीतला फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा, नाहीतर गाडी ओढते.

काम करून घेताना अलाइनमेंटवाल्याशी स्पष्ट बोला. चालकाच्या वजनाइतकं काहीतरी सीटवर ठेवा, टाकी साधारण अर्धी असू द्या, हवा थंड टायरात बरोबर भरलेली असू द्या. यंत्रावर आकडा हिरवा झाला म्हणून थांबू नका. हिरवा पट्टा मूळ उंचीच्या गाडीसाठी असतो आणि बराच रुंदही असतो. उणे 4 हिरवा दिसेल, पण आपल्याला तो आत हवाय. दोन्ही रकान्यांचा कागद घ्या. गाडीला लेन ओळखणारा कॅमेरा असेल तर अलाइनमेंटनंतर त्याचं आणि स्टेअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन विचारा, आणि हेडलाइटचा झोतही बघून घ्या, गाडीचं नाक आणि शेपूट सारखं खाली गेलं नसेल तर तो बदललेला असतो.

घरी पडताळणी करायची असेल तर दोरीची पद्धत उत्तम चालते. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणा. पुढच्या आणि मागच्या एक्सलची रुंदी सारखी नसते हे लक्षात ठेवून दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर करा, म्हणजे पुढच्या हबच्या मध्यापासून दोन्हीकडचं अंतर सारखं, मागचंही आपापसात सारखं, आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर दोन्ही टोकांना एकच. मग रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून किती आहे ते पट्टीने मोजा. पुढची कड दोरीच्या जवळ असेल तर टो-आउट. प्रत्येक बदलानंतर गाडी थोडी पुढेमागे ढकला, नाहीतर टायर पिळलेला राहतो आणि आकडा खोटा येतो.

पुढचा टो बरोबर असूनही आतली कड झिजत राहिली तर संशय टाय रॉडच्या तिरपेपणावर घ्या. गाडी खाली आली की टाय रॉड आणि खालचा आर्म वेगवेगळ्या कोनात जातात, म्हणून प्रत्येक उंचवट्यावर चाक स्वतःहून थोडं वळतं. उभ्या गाडीत हे दिसत नाही. उंचवट्यावर स्टेअरिंग हातात हलत असेल तर हीच खूण समजा. त्यासाठी टाय रॉडचं बाहेरचं टोक खाली आणणारे जॉइंट मिळतात. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे सध्या त्यात पडू नका.

नव्या टायरांचं एकच. पुढचे जुने टायर वापरायचे असतील तर नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर मोजा. आतली कड 1.6 मिलिमीटरच्या खुणेजवळ आली असेल तर तेही बदला. फिरवाफिरवी करताना टायरवर बाण असेल तर बाजू बदलू नका, फक्त पुढचा मागे, मागचा पुढे. 'आउटसाइड' असा शब्द असलेला टायर रिमवर उलटा चढवून आतली कड वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याची नक्षी आणि कडेची ताकद बाजूप्रमाणे बनवलेली असते.

खोलीचं माप नव्या टायरांवर पहिल्याच दिवशी घ्या आणि लिहून ठेवा. नवा टायर 8 मिलिमीटरचा धरला आणि तो 40,000 किलोमीटर चालावा अशी अपेक्षा ठेवली, तर दर 1,000 किलोमीटरला साधारण 0.16 मिलिमीटर झीज होईल. 2,000 किलोमीटरनंतर परत मोजा. आतली कड 0.3 ते 0.4 मिलिमीटर उतरली असेल तर काम जमलं. 0.8 च्या पुढे असेल तर त्याच आठवड्यात गाडी परत रॅकवर चढवा आणि सगळ्यात आधी मागच्या टो-आर्मचे बुश बघा. ते ठीक निघाले तर नवा कागद आणि ही मापं इथे द्या, पुढचं त्यावरून सांगतो.